हनुवटीवरचे तीन ठिपके

१

योगिनीने चेहऱ्याला लावायचं सीरम निवडायला सात आठवडे घेतले. घाई नव्हतीच. गालांवरचे खड्डे सोळाव्या वर्षापासूनचे, आता ती चौतिशीची. आणखी सात आठवड्यांनी त्यांचं काही बिघडणार नव्हतं आणि तिचंही.

चाकणला एका कंपनीत ती क्वालिटीला होती. गाड्यांच्या हेडलाइटच्या काचा पट्ट्यावरून येत. ती एकेक उचलून पांढऱ्या दिव्याखाली तिरकी धरे, ओरखडा किंवा बुडबुडा दिसला की लाल क्रेटमध्ये टाके. अकरा वर्षं हेच काम केल्यावर माणसाची नजर बदलते. कुठलीही गुळगुळीत गोष्ट समोर आली की योगिनीला आधी तिच्यातला दोष दिसायचा. सकाळी दात घासताना आरशात तर दुसरं काही दिसतच नसे.

निगडीतल्या त्वचेच्या डॉक्टर अंजली यांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. "घरीच गालावर सुयांचं चाक, म्हणजे रोलर, फिरवायचा असेल तर सुई पाव मिलिमीटरची. त्याच्यापुढे जायचं नाही. आणि रोलरपेक्षा जास्त काळजी सीरमची घ्या. एरवी आपण तोंडाला जे फासतो ते वरच्या वर राहतं. सुया फिरवल्या की ते आत जातं. त्यामुळे वासाचं नको, तेलाचं नको, व्हिटॅमिन सी नको, ॲसिडं नकोत, रेटिनॉल तर अजिबात नको. साधं हायलुरॉनिक, त्वचेत ओल धरून ठेवणारं, पाण्यासारखं. बाटलीवरची यादी जितकी छोटी तितकं बरं."

"मग खड्डे जातील?"

"खड्डे नाही जायचे," डॉक्टर हसून म्हणाल्या. "थोडी तुकतुकी येईल. खड्ड्यांसाठी इथेच यावं लागेल."

पण दवाखान्यात चार-सहा वेळा जायचं तर सुट्ट्या कुठून आणायच्या? योगिनीने तुकतुकीवर समाधान मानायचं ठरवलं. मुलीच्या, तनुजाच्या, जुन्या वहीत तिने अकरा सीरमं लिहून काढली आणि एकेकावर काट मारली. एकात गुलाबाचा अर्क होता. एकात सुगंध नाही असं पुढे छापलं होतं आणि मागे बारीक अक्षरात सुगंध होता. एकाची बॅच पुसलेली. बारावं तिला काळेवाडीतल्या एका औषधाच्या दुकानात मिळालं. तपकिरी काचेची बोटभर बाटली. त्यात तीनच गोष्टी होत्या: पाणी, हायलुरॉनिक आणि टिकावं म्हणून घातलेलं एक औषध. बॅच, तारखा, परवाना, सगळं जागच्या जागी. तिने बाटलीवरच्या पत्त्यावर मेल करून बॅचचा तपासणी अहवाल मागवला, तोही आला. कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, लाली नाही.

बाटलीत काही दोष नव्हता. पुढे तिने तो पुन्हा पुन्हा शोधला, तेव्हाही सापडला नाही.

२

पहिला रविवार. तिचा नवरा सुजित पहिल्या पाळीला गेला होता. सासूबाई, इंदुताई, गावठाणातल्या देवळात. सात वर्षांची तनुजा हॉलमध्ये पालथी पडून चित्र रंगवत होती. दहाचं ऊन बाथरूमच्या झडपेतून पट्ट्यापट्ट्यांनी भिंतीवर उतरलं होतं.

योगिनीने रोलर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला होता. तोंड धुतलं, कोरडं केलं आणि गालावरून चाक फिरवलं. उभं, आडवं, तिरपं. दुखत नव्हतं. वाळक्या पानावरून मुंगळे चालावेत तसा बारीक आवाज तेवढा येत होता. मग ड्रॉपरने चार थेंब. ते ओघळतील म्हणून तिने हनुवटीखाली हात धरला, पण हातावर काहीच आलं नाही. तापल्या जमिनीत पहिल्या तांब्याचं पाणी जिरावं तसे ते जिरले.

चेहऱ्यावर गारवा पसरला आणि तिला झोप येऊ लागली. रविवारी सकाळी झोपायची तिला सवय नव्हती. तरी ती पलंगावर आडवी झाली. पंखा फिरत होता. डोळा लागता लागता खालून रेल्वे गेली. अगदी जवळून, खिडकीची तावदानं थरथरतील इतकी. शिट्टी झाली, रुळांचा खडखडाट लांबत गेला, आणि मागून कुणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज येत राहिला.

जागी झाल्यावर तिने सासूबाईंना विचारलं, "आई, आपल्या इथे गाडीचा आवाज येतो का हो?"

इंदुताई तुळशीला पाणी घालत होत्या. इथल्याच जुन्या घरच्या. या इमारतीच्या जागी त्यांची ज्वारी असायची. "न्हाई बा," त्या म्हणाल्या. "रेल्वे कुठं, आपण कुठं. एवढ्या वर्सांत कदी आला न्हाई."

स्वप्न असेल, असं योगिनीने ठरवलं. तसं ठरवण्यात काही चूक नव्हती.

३

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं ती दर दुसऱ्या रविवारी करत राहिली. तिसऱ्या खेपेनंतर कंपनीच्या बसमधल्या बायका विचारू लागल्या, काय लावतेस. ती खरं सांगे आणि कुणाचा विश्वास बसत नसे, कारण खड्डे भरत होते. तुकतुकी येणार होती. तसं झालं नव्हतं. खड्डेच भरत होते. डाव्या गालावरचा सर्वांत मोठा, ज्यात पावडर साचायची, तो आता गाल दिव्याखाली तिरका धरूनही सापडत नव्हता.

सुजित मुळात कमी बोलणारा. एकदा जेवताना त्याने तिच्याकडे दोनदा पाहिलं.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही. वेगळीच दिसायला लागलीस राव." एवढं बोलून त्याने ताटात मान घातली, आणि त्यानंतर तिच्या असं लक्षात आलं की तो बोलताना तिच्या खांद्याकडे बघतो.

तनुजाला लहानपणापासून आईच्या गालावर बोट ठेवून झोपायची सवय. त्या आठवड्यात दुपारी ती कुशीत आली, बोट गालावर फिरवत राहिली, झोपेना. "आई, बोट घसरतंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने उठून आजीकडे जाऊन झोपली.

आणि मग तो ठिपका. हनुवटीच्या मधोमध, तिळाहून लहान, हिरवट. योगिनीने पेनाची शाई समजून पुसला. साबणाने घासला. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तेव्हा तिला समजलं की तो कातडीवर नाहीच, कातडीच्या आत आहे. तळ्याच्या पाण्यात खाली काहीतरी दिसावं, तसा. सुई दूषित झाली असेल, रंगद्रव्य साचलं असेल. तिने बाटली उजेडात धरली, हलवली, तळाशी पाहिलं. स्वच्छ. रोलर टाकून दिला. सीरम बंद केलं.

चौथ्या खेपेच्या रविवारी तिने काहीच लावलं नाही. सोमवारी सकाळी पहिल्या ठिपक्याच्या खाली आणखी दोन उमटले होते. तिन्हींचा मिळून नीट त्रिकोण झाला होता.

४

कंपनीच्या फाटकात हजेरीचं मशीन होतं. समोर उभं राहायचं, चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येई, पडद्यावर नाव उमटे आणि मशीनमधली बाई 'धन्यवाद' म्हणे. मागे पन्नास जणांची रांग असल्यामुळे आपलं नाव कुणी वाचत नाही.

योगिनीनेही ते योगायोगानेच वाचलं. हनुवटी ओढणीने झाकली होती. मशीन थांबलं म्हणून तिने ओढणी खाली केली. चौकट आली, नाव आलं.

आम्रपाली.

"धन्यवाद," मशीन म्हणालं. मागच्याने "चला ताई" म्हटलं आणि ती आत गेली.

दिवसभर पट्ट्यावरून काचा येत राहिल्या. बाहेर प्रेस धपधपत होत्या, आणि त्या तालात ते नाव पुन्हा पुन्हा येत होतं. मशीन चुकतं. गेल्याच महिन्यात त्याने दोन भावांची अदलाबदल केली होती. चेहरा थोडा सुजलेला, त्यातून नवा उजळपणा; यंत्राला काय कळणार? हे सगळं पटण्यासारखं होतं. तिने ते स्वतःला पटवलंही. मंगळवारी पुन्हा आम्रपाली. बुधवारीही.

गुरुवारी ती हजेरी बघणाऱ्या विजयश्रीकडे गेली. दोघींची ओळख जुनी, एकाच बसने यायच्या. "माझी हजेरी दुसरीच्या नावावर लागतेय गं," योगिनी म्हणाली. "तीन दिवस गैरहजर दिसत असेन."

विजयश्रीने कॉम्प्युटरवर पाहिलं. "नाही की. तुझी लागलीय. सोमवार, मंगळवार, बुधवार, आजचीही. आठ वाजून दहा."

"मी तर आठला आत येते."

"मग दहा मिनिटं उशीर धरलाय मशीनने. त्यात काय." तिने यादी खाली सरकवली. "आणि ही बघ आम्रपाली. आठ. पॅकिंगला होती, कंत्राटावर. तीन वर्षं झाली सोडून. हिचा चेहरा काढून टाकायचा राहिलाय वाटतं. काढते."

पडद्याच्या कोपऱ्यात जुना फोटो होता, बोटाच्या पेराएवढा. त्यात गुळगुळीत गालांची एक बाई कॅमेऱ्याकडे न बघता थोडं वर बघत होती. हनुवटीवर तीन ठिपके. योगिनीने ओढणी आणखी वर घेतली.

"कुठली गं ही?"

"मूळची परभणीकडची. राहायला दापोडीला, रुळाजवळच्या गल्लीत." विजयश्रीने पत्ता वाचून दाखवला. "काय झालं? ओळखीची आहे?"

"नाही," योगिनी म्हणाली. तिने पत्ता लिहून घेतला नाही. पण तो लक्षात राहिला, जणू आधीपासूनच माहीत होता.

५

त्याच संध्याकाळी कंपनीतून सुटल्यावर ती डॉक्टर अंजलींकडे गेली. डॉक्टरांनी भिंग लावून हनुवटी पाहिली, मग गाल पाहिले, मग पुन्हा हनुवटी.

"गाल छान झालेत," त्या सावकाश म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. "इतके व्हायला नको होते, पण छान झालेत. आणि हे गोंदण काढायचंय का?"

"ते गोंदण नाही, डॉक्टर. ते रोलरमुळे आलंय. पंधरा दिवसांत."

डॉक्टरांनी भिंग बाजूला ठेवलं. "हे बघा, गोंदण ताजं असतं तेव्हा रंग वर असतो, कडा धारदार असतात. जुनं होत जातं तसा रंग खाली उतरतो, कडा पसरतात. हे वीस-पंचवीस वर्षांचं आहे. लहानपणी कुणीतरी गोंदलेलं असणार. पाव मिलिमीटरची सुई तिथपर्यंत पोचत नाही."

"तुम्ही मला आधी पाहिलंय. तीन महिन्यांपूर्वी. तेव्हा होतं का?"

डॉक्टर कागद चाळू लागल्या. पहिल्या भेटीचा कागद सापडला, त्यावर गालांचं चित्र काढून खड्ड्यांच्या जागी खुणा केल्या होत्या. हनुवटी कोरी होती. डॉक्टरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. पंखा फिरत होता, बाहेर कंपाउंडर कुणाला तरी नंबर विचारत होता.

"तुम्ही योगिनीच ना?" त्यांनी विचारलं.

प्रश्न साधाच होता. दवाखान्यात कागदांची अदलाबदल होते, म्हणून विचारतात. पण उत्तर द्यायला योगिनीला किंचित वेळ लागला, आणि तो वेळ दोघींच्याही लक्षात आला.

६

शनिवारी तिने अर्धी सुट्टी घेतली. समोरासमोर बघितलं की मनातलं भूत जातं, असा तिचा हिशेब. ती बाई तिथे असेल, तिचा चेहरा वेगळा असेल, आपण चहा घेऊन परत येऊ.

दापोडीला ती उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऊन पांढरं होतं, गल्लीत माणूस नव्हतं. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. तिला कुणालाही विचारावं लागलं नाही. पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे, नळाच्या पुढे, जिथे गटारावर फरशी टाकलीय तिथे. पाय बरोबर वळत होते. एका ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बाईने मान वर केली, ओळखीचं हसली आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

दार उघडंच होतं. आत साठीतली एक बाई लसूण सोलत बसली होती. तिचं नाव सावित्रीबाई, हे योगिनीला नंतर कळलं. किंवा तेव्हाच माहीत होतं, तिला सांगता आलं नसतं.

"आलीस व्हय," सावित्रीबाई म्हणाली. "लवकर आलीस."

"मावशी, मी योगिनी. निगडीहून आले. तुमची मुलगी आमच्या कंपनीत होती ना, तिच्याबद्दल विचारायचं होतं."

"पाय धू आधी. उन्हातनं आलीस."

योगिनी मोरीत गेली आणि पाय धुतले. का धुतले ते तिला कळलं नाही. मोरीच्या वरच्या फळीवर आरसा होता. आरशाशेजारी तपकिरी काचेची बोटभर बाटली आणि एक रोलर. बाटली तिच्या बाटलीइतकीच रिकामी झालेली. खालून रेल्वे गेली, पत्रे थरथरले, शिट्टी झाली. गाडी गेल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

ती बाहेर आली. "मावशी, ती बाटली कुणाची?"

"आता घ्या! तुझीच की," सावित्रीबाई म्हणाली. "दर दुसऱ्या ऐतवारी तासभर बसायलीस त्ये चाक घेऊन. म्या म्हणलं, चांगला लोण्यासारखा चेहरा, कशाला टोचून घ्यायलीस? तर म्हणलीस, आई, थोडंच राहिलंय." लसणाची पाकळी तिने वाटीत टाकली. "मग गालाला खड्डे पडाय लागले. हनुवटीचं गोंदण विरलं. म्या गोंदून घेतलं व्हतं ते, तू पाच वर्षांची असताना. लई रडले म्या."

ती उठली, जवळ आली आणि योगिनीची हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला. तिच्या बोटांना लसणाचा वास होता. योगिनीला हात झटकायचा होता, पण तो हात इतका सवयीचा होता की तिने डोळे मिटले.

"आता बरा दिसायलाय," सावित्रीबाई म्हणाली. "सकाळी मातुर जाताना खड्डे व्हते."

"सकाळी कुठे गेले होते?" योगिनीने विचारलं. आपण 'ती कुठे गेली' असं विचारायला हवं होतं, हे तिला बोलून झाल्यावर सुचलं.

"निगडीला. सांगून गेलीस की. पोरगी वाट बघत आसंल म्हणलीस."

७

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. खिडकीतून रस्ता मागे जात होता. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, सगळं जसंच्या तसं, फक्त पाण्याखाली ठेवल्यासारखं. आपण धावायला पाहिजे, कुणाला तरी फोन करायला पाहिजे, असं तिला वाटत होतं. फोन काढला. सुजितला लावला. तो दुसऱ्या पाळीला होता, उचलला नाही. मग घरच्या फोनवर. तीन वेळा वाजला आणि उचलला गेला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. मागे तनुजा काहीतरी गुणगुणत होती. "हॅलो, कोण बोलतंय?"

स्वतःचा आवाज फोनवर कसा येतो ते माणसाला नीट माहीत नसतं. रेकॉर्डिंग ऐकलं की तो परका वाटतो. हा परका वाटला नाही. योगिनीने फोन बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला. आवाज सारखे असतात. शेजारची आली असेल. सासूबाई देवळातून कुणाला तरी घेऊन आल्या असतील. ती एकेक शक्यता उचलून बघत होती आणि बाजूला ठेवत होती.

सोसायटीच्या फाटकात चिमाजी बसला होता. चार वर्षं रोज तिला नमस्कार करणारा वॉचमन. त्याने काठी आडवी केली.

"कुणाकडं, ताई?"

"चिमाजी, मी आहे," ती म्हणाली आणि चेहऱ्यावरची ओढणी सोडली. उन्हासाठी बांधली होती, म्हणून ओळखलं नसेल.

चिमाजीने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत संशय नव्हता, रागही नव्हता. "व्हय, पन कुणाकडं? वहीत लिवावं लागतंय."

त्याच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. तिने पेन घेतलं, वहीत घाईघाईने ओळ भरली आणि जिन्याकडे पळाली.

८

तिसरा मजला. आतलं लाकडी दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं बंद. आत संध्याकाळचा पिवळा उजेड जमिनीवर पसरला होता आणि त्यात तनुजा बसून चित्र रंगवत होती.

"तनू," योगिनीने हाक मारली.

तनुजा उठून जाळीपाशी आली. शिकवून ठेवल्याप्रमाणे तिने कडीला हात लावला नाही. "कोण पाहिजे?"

"तनू, दार उघड बाळा."

तनुजा एक पाऊल मागे सरकली. घाबरली नव्हती. अनोळखी मोठ्या माणसाने नावाने हाक मारली की मुलं लाजतात, तशी लाजली. मग वळून आत ओरडली, "आई, कुणीतरी आलंय."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती. इंदुताई म्हणत होत्या, "चहात आलं घाल गं जरा, घसा धरलाय." त्यावर कुणीतरी हसलं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, डावं पाऊल किंचित घासत टाकलेली. योगिनीची चप्पल डाव्या बाजूने झिजते.

पॅसेजमध्ये दिवा लावलेला नव्हता. ती बाई तिथपर्यंत आली आणि उजेड जिथे संपतो तिथे थांबली. अर्धा चेहरा अंधारात होता. उजेडात डावा गाल होता आणि त्यावर खड्डे होते. सर्वांत मोठा मधोमध, त्यात थोडी पावडर साचलेली. तिने योगिनीचा निळा गाऊन घातला होता आणि ओले हात त्याला पुसत होती.

काचांकडे पाहायची तसं योगिनीने तिच्याकडे पाहिलं. कपाळ, भुवई, नाकपुडीची कड, कानाची पाळी. कुठेतरी काहीतरी चुकलेलं असणार. असतंच. ती बघत राहिली आणि तिला काहीच सापडलं नाही.

बोलायला तिने तोंड उघडलं. ही मी आहे, तनू, ती नाही. ओरडून सांगता आलं असतं. पण कुणाचा चेहरा दाखवून सांगणार होती? तनुजा त्या बाईच्या मांडीला टेकून उभी होती, अंगाचा सगळा भार टाकून, मूल फक्त एकाच माणसावर टाकतं तसा. आरडाओरडा केला तर ती घाबरेल, आणि घाबरून जिच्या कुशीत शिरेल ती योगिनी नसेल.

त्या बाईने योगिनीकडे पाहिलं. त्या नजरेत विजय नव्हता. थोडी लाज होती, थोडी विनवणी, आणि फार दिवसांचा थकवा.

"दापोडीच्या मावशी आहेत," ती तनुजाला म्हणाली. "उन्हातून आल्यात. पाणी दे त्यांना."

तनुजाने पाणी आणलं. त्या बाईने कडी काढून जाळीचं दार उघडलं, फट पडेल एवढंच. योगिनीने पेला घेतला. पाणी गार होतं. ती सगळं प्यायली, पेला परत दिला, आणि देताना तनुजाची बोटं तिच्या बोटांना लागली. रंगाने माखलेली, ओली.

"अजून हवंय का?" तनुजाने विचारलं.

"नको बाळा," ती म्हणाली.

आतून इंदुताईंनी विचारलं, "कोण हाय गं?" आणि कुणीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते जिन्यात ऐकू आलं नाही.

खाली चिमाजीने वही पुढे सरकवली. "ताई, जायचा टाइम टाका."

तिने वही जवळ ओढली. नावाच्या रकान्यात तिच्याच गोल अक्षरात आम्रपाली असं लिहिलं होतं. कुठून, दापोडी. कोणाकडे, तीनशे दोन. आल्याची वेळ, सही. बाहेर रस्त्यावर दापोडीकडे जाणारी बस वळण घेत होती. तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, सहा वाजून बारा मिनिटं लिहिलं आणि पुढे सही केली. चिमाजीने दोन्ही सह्या एकाखाली एक पाहिल्या, मान हलवली आणि काठी बाजूला घेतली.